मागच्याला साइड

आमच्या भाऊजींचा पाठलाग करून त्यांना गाठेल असा माणूस, असं जनावर आणि असं विमान अजून जन्माला यायचं आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धाड ते बुलढाणा जीप चालवायचे. मी बुलढाण्यात कारकुनी करायचो, त्यामुळे रोज त्यांच्या शेजारी बसून गिअरचा दांडा गुडघ्यावर झेलत प्रवास करण्याचं भाग्य मला लाभलं. जीपमध्ये माणसं, मेथीच्या जुड्या, कोंबड्या, बाजाराच्या दिवशी एखादी शेळीसुद्धा. पण त्यांनी कोणाला ओव्हरटेक केलेलं मी कधी पाहिलं नाही. मागून हॉर्न आला की हे वेग कमी करणार, कडेला घेणार आणि हात बाहेर काढून ऐटीत हलवणार. "जाऊ दे बाप्पा त्याले. घाई हाय त्याले." संसारातही हीच रीत. ताई भांडायला उभी राहिली की हे आणखी हळू व्हायचे, "हो, तुयंच बराबर हाय," म्हणायचे, आणि ताईचं भांडण भरधाव पुढे निघून जायचं ते थेट मागल्या दारापर्यंत. मग ती बिचारी भांडी आपटत बसायची.

त्या काळी बुलढाण्याच्या स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं दुकान नवीनच निघालं होतं. जीप भरेपर्यंत वेळ काढायला म्हणून भाऊजी आत शिरले आणि विमानाच्या खेळापुढे बसले ते बसलेच. खेळ साधा. आपलं एक विमान, शत्रूची विमानं मागून पाठलाग करतात, मधूनच समोरूनही येतात. लाल बटण दाबून गोळ्या घालायच्या आणि जिवंत राहायचं. कॉलेजची पोरं दातओठ खात गोळ्या झाडायची आणि बघता बघता मरायची. भाऊजी मात्र मागून विमान आलं की वेग कमी करून कडेला सरकायचे आणि, काय सांगू तुम्हाला, उजवा हात बाहेर काढून पडद्यातल्या शत्रूला चक्क साइड द्यायचे! शत्रू सुसाट पुढे. आता तो पुढे आणि हे त्याच्या मागे, अगदी नेमक्या टप्प्यात. पोरं नाचायची, "मारा ना काका, मारा!" भाऊजी थक्क होऊन म्हणायचे, "काऊन बे? त्यानं आपलं काय केलं?"

तरी त्यांच्या हातून काही विमानं पडलीच. कारण लाल बटण म्हणजे हॉर्न, अशी त्यांची कित्येक महिने पक्की समजूत होती. वळण आलं की दाबायचे, ढग आला की दाबायचे, आणि समोर कोणी रेंगाळत असेल तर दोनदा दाबायचे. तो बिचारा आगीचा गोळा होऊन खाली जायचा. "हॉर्न देल्ला, तरी सरकला नाई. मी काय करू मंग?" असं म्हणून भाऊजी हळहळायचे. शत्रूसाठी हळहळणारा असा वैमानिक कोणत्याही सैन्याने दुसऱ्याच दिवशी घरी पाठवला असता.

ताईला या खेळाचा राग नव्हता. तिला काळजी होती ती त्यांच्या डोळ्यांची. उजवीकडे ठेवलेला चहाचा कप हल्ली त्यांच्या हाताने हटकून लवंडायचा, चौकटीला खांदा लागायचा. "डाक्तरले डोये दाखवा ना एकदा," ती म्हणायची. "दाखवतो ना," म्हणून हे साइड देऊन मोकळे. मला एकदा वाटेत म्हणाले, "डाक्तर म्हनन, जीप सोडा. मंग मी करू काय बे? मले दुसरं काय येते?" एरवी मी त्यांची टर उडवायची संधी सोडत नसे, पण त्या दिवशी ती सोडली. मी काहीतरी पावसापाण्याचं बोललो.

मग एका बाजाराच्या दिवशी, जीप बाहेर भरत असताना, भाऊजी खेळायला बसले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून समोरून एक विमान आलं, चांगलं बैलाएवढं. पोरं ओरडली, "काका, उजवीकडून!" भाऊजी शांतपणे सरळ गेले. धडाम! "कोठून आलं बे थे?" पोरं हसली. भाऊजींनी पुन्हा नाणं टाकलं, आणि पुन्हा तिथूनच मेले. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या उजव्या डोळ्याने त्या पडद्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

ते उठले, बाहेर आले आणि स्टँडवरच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या हातात किल्ली ठेवली. "आज तू ने."

"काऊन भाऊ? तब्येत बरी नाई काय?"

"थ्या खेळात समोरचं नाई दिसलं तं आपन एकटे मरतो," भाऊजी म्हणाले. "इथं लेकरंबाळं बसेल हायेत."

एवढं बोलून ते मागच्या फळीवर, शेळीला जरा सरकवून, सवारीसारखे बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. एका बाईने सामान आवरताना आपलं तान्हं त्यांच्या मांडीवर दिलं, ते त्यांनी नीट धरलं. उद्या डॉक्टरकडे जाऊ, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, आणि या वेळी ते खरंच येणार हे मला कळलं. जीप सुटली. धाड येईपर्यंत प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय फळीखालच्या पत्र्यावर दाबला जात होता, अगदी वेळेवर, आणि मांडीवरचं पोर झोपलेलं होतं.