एका बैलाचा मालक

हवाई दलाच्या तळाजवळ, दिघीतल्या आमच्या गच्चीवरून लढाऊ विमानं इतक्या खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. त्या रविवारी मी मामाशी याच विमानांवरून वाद घालत होतो, तेव्हाही तसंच झालं. मामा चाकणजवळच्या गावात शेती करतो आणि शर्यतीचा एक बैल पाळतो.

मी कंपनीत मेंटेनन्सला आहे. कुणी नुसत्या वेगावरून आणि किमतीवरून विमानांची तुलना केली की माझं डोकंच फिरतं. "किंमत काय घेऊन बसलास?" मी म्हणालो. "तासभर उडवायला किती खर्च येतो ते बघ. दोन इंजिनं म्हणजे दोन दुखणी. छोट्या देशांनी एका इंजिनाचीच घ्यावीत. तीही मोजकीच परवडणार. मग करायचं काय त्यांनी?"

मामा हसला. "शर्यतीचा बैल कमी खातो व्हय? दूध, अंडी, सगळं लागतं. गाड्याला चार बैल लागत्यात, माझ्याकडं एकच हाय. म्हणून काय मी घरी बसतो? तिघा जणांचे तीन घेतो आन् गाडा पळवतो."

"देश म्हणजे बैल नाहीत, मामा," मी वैतागलो. पण काही छोटे शेजारी देश आपली मोजकी विमानं घेऊन आळीपाळीनं एकमेकांच्या आकाशावर पहारा देतात, हे मीच कुठंतरी वाचलं होतं.

आणखी एक विमान गेलं. आवाज विरल्यावर मी खोचकपणे विचारलं, "आणि बक्षिसावरून भांडत नाही तुम्ही?"

"भांडतो की," मामा म्हणाला. "पण पुढल्या जत्रंला परत आमी तेच चौघं."