निकानोराची वाटणी

माझी धाकटी जाऊ युफ्रासिया कुणाच्या बापाला भिणारी नव्हती, पण लोक काय म्हणतील याला मात्र फार भ्यायची. तिची लेक निकानोरा गेली, त्या वर्षी मृतांच्या दिवशी तिनं पोरीच्या वेदीवर बेकरीतला गव्हाचा पाव मांडला.

"अगं, गव्हाच्या एका घासानं पोट फुगायचं पोरीचं. मक्याचे टाको ठेव," मी म्हटलं.

"मेल्यावर कसलं आलंय पोट, जाऊबाई? सगळ्या ओआहाका प्रांतात पावच ठेवतात," ती फणकारली.

आमच्याकडे त्या रात्री मेलेलं माणूस येतं आणि पदार्थातली चव तेवढी घेऊन जातं. सकाळी मी पाव चाखला. गोडवा जसाच्या तसा होता.

"आलीच नाही गं माझी पोर," म्हणून युफ्रासिया रडायला लागली.

तिच्या पोटात काहीतरी जावं म्हणून मी चुलीजवळची टोपली उघडली. आमच्या रात्रीच्या जेवणातले उरलेले चार टाको त्यात झाकून ठेवले होते. मक्याची भाकरी, राजमा आणि रात्री डोळ्यांत पाणी आणणारी मिरची.

दोघींनी एकेक घास घेतला. जिभेला काहीच लागेना.

युफ्रासियानं डोळे पुसले आणि रिकाम्या चुलीकडे बघून हळूच विचारलं, "मिरची जास्त झाली का गं, बाळा?"