मेलेल्यांना घाम येतो का?

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी आधी त्या माणसाच्या हातात चहाचा कप आहे का ते बघते. असेल तर थांबते. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या पण युरोपात न राहणाऱ्या लोकांच्या गोष्टींतली भुतं, हा विषय ऐकून आजवर दोघांना ठसका लागलाय, आणि त्यातले एक माझे सासरे होते.

ही भुतं मला बंदरानं दिली. न्हावा शेव्याला आयात माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी बरीच वर्षं कागद तपासते आहे. पश्चिम आफ्रिकेतून कच्चे काजू येतात, लाकूड येतं, आणि त्याच्याबरोबर फ्रेंचमधले कागद येतात. ऑफिसात फ्रेंच वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून साहेबांनी मला क्लासला पाठवलं. मला पोती, वजन आणि ओलावा हे तीन शब्द कळले असते तरी साहेब खूश होते. पण मला चटक लागली. ट्रेलरच्या रांगेत ऑफिसची बस तासतासभर अडकायची, तेवढ्यात मी क्रियापदं घोकायची. क्रियापदं संपली आणि रांग काही संपेना, तेव्हा गोष्टी वाचायला घेतल्या. सेनेगल, मार्टिनिक, हैती, क्वेबेक. जिथं पान उघडावं तिथं भूत! एक बाई अंगावरचं कातडं उतरवून खुंटीला टांगते आणि आगीचा गोळा होऊन उडून जाते, हे वाचलं तेव्हा मी बसमध्ये एवढ्या मोठ्यानं किंचाळले की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बस तेव्हा उभीच होती.

मग एम.ए. झालं, आणि मग, घरी सगळे नको म्हणत असताना, पीएच.डी. सगळे म्हणजे नवरा. तोही नको म्हणाला नव्हता, नुसतं “बरं” म्हणाला होता. पण ते कसं म्हणाला ते तुम्ही ऐकायला हवं होतं.

आता थोडं शास्त्र. युरोपातल्या विद्वानांनी अशा गोष्टींसाठी एक नियम करून ठेवलाय. समजा, चिंचेखाली पांढरं काहीतरी हललं. ते भूत होतं की वाळत घातलेलं धोतर, हे वाचकाला ठरवता येता कामा नये. त्याचा एक पाय इकडे आणि एक तिकडे राहिला पाहिजे. भूतच निघालं तर ती परीकथा, धोतर निघालं तर ती पोलिसांची डायरी. मधे लटकलात, तरच खरी विलक्षण कथा.

माझा सगळा प्रबंध हैतीतल्या एका कथेवर उभा होता. ऊसमळ्याचा एक मालक मेलेली माणसं थडग्यातून उठवून शेतात राबवतो. झॉम्बी. त्यांना मजुरी लागत नाही, सुट्टी लागत नाही, त्यांची तक्रार नसते. अट एकच, त्यांना अळणी जेवण द्यायचं. मिठाचा एक कण जरी तोंडात गेला तरी ती जागी होतात, आपण मेलोय हे त्यांना कळतं, आणि ती चालत चालत आपापल्या थडग्याकडे निघून जातात. एके दिवशी स्वयंपाकीण भातात मीठ घालते. चुकून की मुद्दाम, ते लेखिका सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मळा रिकामा. कथा संपली.

मी त्या मिठावर अठ्ठावीस पानं लिहिली होती. मीठ म्हणजे समुद्र, मीठ म्हणजे अश्रू, मीठ म्हणजे गुलामांना घेऊन आलेल्या जहाजांची आठवण. लिहिताना मलाच भरून आलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंना आलं नाही. त्यांनी ते प्रकरण तिसऱ्यांदा परत केलं आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समोरच्यानं बसून घ्यावं.

“तुझ्या विषयात शंका हवी,” त्या म्हणाल्या. “इथे कुणाला कसली शंका आहे? मेलेले मेलेलेच आहेत, मालकाला माहीत आहे, वाचकाला माहीत आहे. मग ही कथा तुझ्या प्रबंधात काय करतेय?”

“बाई, तिथल्या लोकांचा विश्वास असतो अशा...”

“विश्वास असतो हे मलाही माहीत आहे. शंका दाखव, नाहीतर कथा काढ.”

कथा काढली असती तर प्रबंधात अनुक्रमणिका आणि आभार तेवढे उरले असते. शेवटची मुदतवाढ वापरून झाली होती. हातात सहा आठवडे होते. त्यात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात, आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला सासऱ्यांचा तो चेहरा.

अडले की मी गोष्ट कुणाला तरी सांगून बघते. नवऱ्याला सांगून उपयोग नसतो, तो प्रत्येक वाक्यानंतर “मग?” विचारतो आणि “संपली” म्हटलं की “एवढीच?” म्हणतो. पण आमच्या इमारतीच्या गेटपाशी निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक बाबा बसलेले असतात. सुकापूरच्या ज्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी आहे, ती त्यांची भातशेती. आता तळमजला त्यांचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करण्याचा हक्कही त्यांचाच. तरुणपणी ते उरणच्या बाजूला मिठागरात कामाला होते. माझी कातडं टांगणारी बाई त्यांना फार आवडली होती. त्यांनी तिच्याबद्दल एकच विचारलं होतं, “कातडं कुत्र्यानं नेलं तं?”

रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची ओढली आणि हैतीची कथा लावली. लावली म्हणजे काय, पूर्ण प्रयोग केला. मालक झाले, प्रेतं झाले, वॉचमनच्या समोरून थिजल्या डोळ्यांनी चालत गेले. आणि शेवटाला आले तेव्हा मला तो एकाएकी फार कोरडा वाटला. म्हणून मी एक छोटीशी भर घातली. भातात मीठ घालून झाल्यावर स्वयंपाकीण डोक्यावर टोपली घेते आणि त्या मेलेल्यांच्या पुढे पुढे चालत मळा सोडून जाते. मूळ कथेत ती कुठे जाते याचा पत्ता नाही. पण गेटवर एवढी सात-आठ माणसं जमली होती, त्यांना मी रिकामा मळा देऊन कशी पाठवू?

टाळ्या पडल्या. बाबांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “मॅडम, ती मेलेली मानसं दिवसभर ऊस तोडतात?”

“हो.”

“उन्हात?”

“हो बाबा, कडक उन्हात.”

“मंग त्यांना घाम येत असंल का नाय?”

मी मनातल्या मनात कथेची पानं उलटायला लागले.

“आमी मिठागरात काम केलंय,” बाबा म्हणाले. “कपालावरनं घाम सुटला का तो खाली कुठं जातो? तोंडात. आनि घाम खारट. मंग ती पयल्याच दिवशी जागी झाली असतील. मालकानं अळनी वाढून काय उपेग?”

“मेलेल्यांना घाम येत नसेल,” वॉचमन म्हणाला.

“तू मेलावतास कवा?” बाबांनी त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे वाकून, आवाज उतरवून म्हणाले, “मना वाटतं ती जागीच व्हती. सोंग घेतलं असंल. आमीबी घ्यायचो. मुकादम आला का सगले बहिरे. त्यानं हाक मारली तरी ऐकू नाय यायची. तो म्हनायचा, ही मढी हायेत मढी. आमी आतल्या आत हसायचो.”

मी खुर्चीवरून उठले आणि जिन्यानं धावत वर गेले. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये उभं राहवलं नसतं. पुस्तक उघडलं. अकराव्या पानावर वाक्य होतं: मजुरांचे चेहरे दुपारी ओले दिसत. ओले! या वाक्यावरून मी सात वर्षं रोज गेले होते आणि दवबिंदू समजून पुढे गेले होते. दुपारी दोन वाजताचे दवबिंदू!

म्हणजे ते खरोखर मेलेले होते, की जिवंत असून मेल्याचं सोंग घेत होते? लेखिका कुठेच ठरवू देत नाही. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. बाईंना हवी असलेली शंका कथेत पहिल्यापासून घामाघूम होऊन उभी होती. मी अठ्ठावीस पानं फाडली, मोठ्या आवाजात फाडली, म्हणजे नवरा बघायला येईल. तो आला. “मग?” म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या “मग?”चं उत्तर ठाऊक होतं.

पाचव्या आठवड्यात प्रकरण बाईंकडे गेलं. त्यांनी चष्मा न काढता वाचलं आणि प्रबंध पुढे पाठवला.

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा जाहीर असते, कुणीही येऊन बसू शकतं. सहसा कुणी येत नाही. माझ्या परीक्षेला बाबा आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, मुलाच्या गाडीतून, आणि पहिल्या रांगेत. सगळं फ्रेंचमध्ये चाललेलं. बाबा दीड तास कीर्तनाला बसल्यासारखे मान डोलवत होते. बाहेरून आलेले परीक्षक पुण्याचे होते, बारीक आवाजाचे, आणि पानांना चिठ्ठ्या लावून आलेले. घामाच्या मुद्द्यावर त्यांनी मला तीनदा उलटंसुलटं केलं. मी टिकले. मग नियमाप्रमाणे त्यांनी सभागृहाकडे वळून मराठीत विचारलं, “श्रोत्यांपैकी कुणाला काही प्रश्न?”

बाबा उभे राहिले.

“सायेब, मॅडमनी त्या रांधणाऱ्या बाईचं सांगितलं का? ती टोपली घेऊन म्होरं चालत जाते, मागनं सगली मेलेली. तेच तर खरं हाय त्यात.”

परीक्षकांनी चिठ्ठ्या चाळल्या. परत चाळल्या. “हे कथेत कुठे आहे?”

माझ्या बाईंनी चष्मा काढला. मला दोन वाटा दिसत होत्या. बाबांची काहीतरी गल्लत झाली असं म्हणून मोकळं व्हायचं, म्हणजे इतक्या लोकांसमोर त्यांना खोटं पाडायचं. नाहीतर खरं सांगायचं, म्हणजे जिच्यावर प्रबंध लिहिला त्या कथेत मी गेटवर उभी राहून फेरफार करते हे कबूल करायचं. बाबा माझ्याकडे बघत होते, पूर्ण भरवशानं.

“कथेत नाही सर,” मी म्हणाले. “ती टोपली माझी. शेवट कोरडा वाटला म्हणून मी घातली. आणि घामाची शंका यांची. ती ज्या दिवशी निघाली त्याच दिवशी टोपलीही निघाली.”

परीक्षकांनी बाबांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, ती का गेली असेल?”

“मीठ तिनं घातलं ना सायेब,” बाबा म्हणाले. “मालक सकाली कोनाला धरनार? मंग ती कशी थांबंल?”

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “हा प्रश्न मी या कथेला कधी विचारला नाही,” ते म्हणाले, आणि बाईंकडे वळून हसले. बाईंनी चष्मा परत घातला.

प्रबंध स्वीकारला. सुधारणा एकच, पान दोनशे सहावर तळटीप घालावी. मी घातली. परतीच्या वाटेवर गाडीतच मी ती बाबांना मराठीत वाचून दाखवली: ‘पनवेलजवळ सुकापूर येथे सांगितल्या जाणाऱ्या पाठात स्वयंपाकीण मजुरांच्या पुढे चालत मळा सोडून जाते. निवेदक : संशोधक स्वतः. घामाविषयीची शंका : मिठागरातील एक निवृत्त कामगार.’

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. कळंबोलीच्या सिग्नलला उघडले.

“आनि टोपली?”

मी पेन काढलं आणि टोपली घातली.