पेटी उघडली त्या दिवशी

गोदामांची रांग संपून कालव्याचा रस्ता लागला, तरी वेधशाळेतून घरी निघालेल्या वन्संची चाल मंदावली नव्हती. बस नको म्हणाल्या, म्हणून मीही पाय ओढत चालले होते.

ही माझी मोठी नणंद, वेधशाळेत नोकरीला. लग्न केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, हिला आभाळानेच मागणी घातली. विश्व वाढत्या वेगाने फुगतंय आणि त्यामागे कसलीशी अदृश्य ऊर्जा आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. वन्संचं म्हणणं, तसली ऊर्जा नाहीच. आपण एका अवाढव्य विरळ पोकळीत बसलोय, म्हणून इथून तसं दिसतं. मात्र पोकळी खरी असेल, तर दूरच्या दीर्घिकासमूहांमधल्या तापलेल्या वायूत तिची खूण सापडायला हवी. ती शोधण्यात त्यांचं तारुण्य गेलं.

कामाचा नियमही त्यांनीच घातलेला. मोजमापांत संगणकाने एक गुप्त आकडा मिसळायचा. खूण कशाला म्हणायचं, ते आधीच ठरवून सह्या करायच्या. मग सगळ्यांसमक्ष तो आकडा काढायचा. याला तिथे पेटी उघडणं म्हणतात. उत्तर मनासारखं ओढता येऊ नये, म्हणून हा खटाटोप.

आज पेटी उघडली. खूण नव्हती.

पुलावर त्यांचा फोन वाजला. सोबत काम करणारे सर होते. आवाज मलाही येत होता.

"बाई, ते तीन समूह वगळून बघा. खूण दिसतेय. विभाग वाचेल."

"काल का नाही वगळले?"

"काल कुठे माहीत होतं?"

"म्हणूनच," म्हणाल्या, आणि फोन पिशवीत टाकला.

"वन्सं, विभाग बंद झाला तर तुम्ही काय कराल?"

"तुझ्याबरोबर भाजी निवडीन. ती ऊर्जा म्हणजे काय, हे त्या लोकांनाही ठाऊक नाही हं. तरी जिंकले तेच."

"देवाची इच्छा," मी पुटपुटले.

आमचे हे गल्लीभर सांगत सुटले होते, ताई आता भल्याभल्यांना पाणी पाजणार. कोपऱ्यावरून दिसलं, दारात खुर्ची टाकून बसलेत. वन्संचे पाय तिथेच थांबले.

"त्याला तू सांग. माझ्याने नाही व्हायचं. आणि देवाच्या इच्छेवर ढकलू नकोस. चाचणी ताईने चोख घेतली, म्हणून ताई हरली, एवढंच सांग."