उठून गेलेला नकार

“विहीर रस्त्याला खोदता? मग पानी कोन पिनार, तुमचं मशीन?”

खालच्या पाड्यावरचा काका ग्रामसभेत ओरडत होता. त्याचा आवाज असा की तो इकडे नुसता खोकला तरी तिकडे सूर्यमाळ गावची वानरं झाड बदलतात. त्याच्या पाड्यावरच्या बायका उन्हाळ्यात झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतात. हंडा भरेपर्यंत सोबत नेलेलं पोर लग्नाचं होतं, असं मी सांगत फिरतो. विहीर त्यांना झऱ्याजवळच हवी होती.

“काका, तिथं मशीन उतरत नाही,” ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले. ते देशावरून नवीनच बदलून आलेले.

“माझी सून हंडा घेऊन उतरते, नि मशीन नाय उतरत? लय नाजूक हाय बा.”

सगळी सभा हसली. सरपंचबाईही पदराआड हसल्या. काकानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि काही न बोलता निघून गेला.

आमच्याकडे हाच नकार. पाड्याच्या बैठकीतून कुणी असं उठलं की विषय मोडला. मग चार जणांनी त्याच्या ओट्यावर जाऊन समजूत घालायची, तो परत येऊन बसला की पुढचं बोलायचं. एका गायीच्या भांडणात गाय मेली, तिची नात म्हातारी झाली, तरी बैठक चालूच होती. पण कुणाला डावलून निकाल लागला नाही.

तेव्हा आम्ही निवांत. भाऊसाहेबांनी विचारलं, “कुणाची हरकत?” मोडलेल्या विषयाला हरकत कसली? आम्ही तंबाखू मळत बसलो.

“सर्वानुमते मंजूर,” ते म्हणाले. या सरकारी बोलाचा अर्थ सभा संपली, असं समजून आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या तर जव्हारपर्यंत ऐकू गेल्या असतील.

विहीर रस्त्याला झाली. पाणी लागलं, तेही गोड, आणि हेच जास्त सलतं. खालच्या बायकांना आता वर रस्त्यापर्यंत सगळा चढ चढावा लागतो. परवा काकाची सून अर्ध्या चढणीवर हंडा उतरवून, डोळे मिटून बसलेली दिसली. त्यावर काही रचून सांगावं असं मलासुद्धा वाटलं नाही.

तसाच काकाच्या घरी गेलो. तो ओट्यावर नाचणी पाखडत होता.

“काका, पुढच्या सभेला ये. पण उठू नको. तोंडानं नाय म्हन. सरकारी सभेला तेवढंच कळतं.”

त्यानं सूप खाली ठेवलं नाही.

“तुमी तर बसून होता ना,” तो म्हणाला.