उधाणाच्या वेळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा — पण सुरुवात कुठून करू?

हिराजी माझा नोकरीतला मित्र. तळोज्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर विभागात होतो. तरुणपणी त्यानं डॉसवर एक प्रोग्राम लिहिला होता — उलव्याच्या बाजूला वडिलांचं मिठागर होतं, त्यासाठी उधाणाच्या वेळा काढणारा. पुढे वडील गेले, मिठागर विमानतळात गेलं. प्रोग्राम तेवढा उरला, छापील कागदांवर. निवृत्तीनंतर तो एकदा चालताना बघायचा, एवढीच हिराजीची हौस. पण त्याला तेव्हाचाच पास्कल कंपायलर हवा, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला कळेलसा करून देणारं सॉफ्टवेअर. कागदांवरून तो टाइप करून घेतला, पण नव्या कंपायलरवर चालेना.

शोधू की, मी म्हणालो. मग दर गुरुवारी तो स्कूटरवरून कामोठ्याला येऊ लागला. परदेशी साइट्स, भंगारवाल्याकडच्या फ्लॉप्या, मासिकांबरोबर फुकट मिळालेल्या सीड्या — काय काय उपसलं आम्ही! बायको गेल्यापासून माझ्याकडे चहाला कुणी येत नव्हतं. त्या दिवशी घर घरासारखं वाटायचं.

आता कसं सांगू? — कंपायलर मला दुसऱ्याच महिन्यात सापडला होता. अगदी हवा तोच. मी एकट्यानं चालवून पाहिला आणि लपवून ठेवला. सापडला म्हटलं की हिराजीचं येणं बंद, नाही का? मग मी मुद्दाम भलत्याच आवृत्त्या लावायचो. स्क्रीनभर चुका यायच्या. तो उसासा टाकायचा आणि पुढच्या गुरुवारी बघू म्हणायचा. दोन वर्षं हे चाललं.

तो स्क्रीनला नाक लावून वाचू लागला होता, ते मला दिसत नव्हतं? दिसत होतं. काचबिंदूचं त्यानंच सांगितलं होतं. तरी मी थांबलो नाही. हा नालायकपणा होता, दुसरा शब्द नाही.

नजरेपायी त्याला स्कूटर सोडावी लागली, त्याची सून त्याला रिक्षानं आणून सोडू लागली, तेव्हा घाबरून मी कंपायलर 'शोधून काढला'. प्रोग्राम चालला. वेळा एकाखाली एक उमटल्या. हिराजी खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"चालला काय रं? वाच ना."

मी वाचल्या. त्यानं चाचपत माझा हात धरला. "माज्यासाटी लय शोधलंस रं तू. एवरं कोन करतंय?"

मी म्हणालो, "त्यात काय."

पुढच्या गुरुवारी रिक्षा पुन्हा दारात थांबली. शोधायचं काही उरलं नव्हतं. तो नुसताच आला होता.