पितळेवर तळहात

आमचे हे भिंतीवरचे जुने दिवे दुरुस्त करतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घरांत असायचे ते. पितळेची बारीक नळी, टोकाला नरसाळ्यासारखी पत्र्याची शेड, मागे सागाची चकती. आता लोकांना पुन्हा त्यांचं वेड लागलंय. घर नवं कोरं आणि दिवा आजोबांच्या वयाचा! असो.

दुकानात एक नियम आहे, यांनीच घातलेला. ज्यानं वायर जोडली, त्यानं गिऱ्हाइकासमोर पितळेवर उघडा तळहात ठेवायचा आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं. टेस्टर असतो हो. पण "माझाच माझ्या कामावर भरवसा नसेल तर लोकांनी का ठेवावा?" हे यांचं ठरलेलं वाक्य. बटण दाबायला मी. लग्न झाल्यापासून हीच नोकरी, बिनपगारी.

गेलं वर्षभर यांना नीट दिसत नाही. पण कबूल करतील तर शपथ! पेपर नुसता समोर धरून बसतात, पान उलटायचंही विसरतात. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात.

त्या दुपारी एक बाई त्यांचे दोन दिवे न्यायला आल्या. लेकीच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना लावायचे होते. मी यांच्या स्टुलाखालचा केर काढत होते, तर सुपलीत रबराची एक रिंग दिसली. नळीचं तोंड धारदार असतं, वायर कापली जाऊन पितळेत करंट उतरू नये म्हणून तिथे ही रिंग बसवतात. एका दिव्याला एक. डबीत दोनच उरल्या होत्या आणि सकाळी मीच त्या यांच्या हातात दिल्या होत्या.

"अहो, दोन्ही रिंगा बसवल्यात ना?"

"आता तू शिकव मला!"

"ही खाली सापडली. आधी टेस्टर लावून बघा."

"जुनी असेल. बाई ताटकळल्यात, बटण दाब."

जुनी कसली, चकचकीत होती! यांनी दिव्यावर हात ठेवलासुद्धा. नाही म्हणावं तर गिऱ्हाइकासमोर यांची शोभा, आणि दाबावं तर हा माणूस डोळ्यांदेखत जायचा.

मी तरातरा गेले, यांचा हात ढकलला आणि तिथे माझा ठेवला. "आज मी. तुम्ही दाबा."

"वेड लागलंय का? वायर मी जोडलीय."

"मग चांगलीच जोडली असेल. दाबा."

बाई घाबरून दोन पावलं मागे सरकल्या. हे तणतणत बटणापाशी गेले, बोट टेकवलं. रागाच्या भरात हात ठेवून बसले खरी, पण यांचा हट्ट माझ्या दुप्पट, हे तेव्हा आठवलं. दाबलं म्हणजे?

बोट मागे आलं. पुन्हा टेकलं. पुन्हा मागे.

"दाबा की!"

"हात काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना!" हे केवढ्यांदा ओरडले. मग तिथेच मटकन जमिनीवर बसले. "मला दिसत नाही गं. रिंग बसली की नाही, मला माहीत नाही."

वर्षभर हेच ऐकायला मी टपले होते. काय काय सुनावायचं तेही ठरलेलं होतं. पण आलं ते नुसतं रडू. बाई म्हणाल्या, दिव्यांची काही घाई नाही, आणि हळूच बाहेर पडल्या.

मी यांच्या शेजारी बसले. यांनी माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपून बघत राहिले. त्याला काहीएक झालेलं नव्हतं, तरी.